चरबीची रवानगी

रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते, मग ‘वाईट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एलडीएलवर. त्यांच्या आसपासच व्हीएलडीएल नावाची एक ओळ असते. तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि बहुतेक प्रयोगशाळा तो आकडा प्रत्यक्ष मोजतही नाहीत. विल्यम फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दिलेल्या सूत्राप्रमाणे ट्रायग्लिसराइडच्या आकड्याला पाचने भागायचं आणि भागाकार त्या ओळीत छापायचा, अशी पद्धत आहे. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही.

ही ओळ म्हणजे यकृताने रक्तात सोडलेल्या चरबीच्या कणांचा अंदाज. या कणांचा व्यास साधारण ३० ते ८० नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. कणाच्या पोटात मुख्यतः ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपण ज्याला तेल-तूप-चरबी म्हणतो तोच पदार्थ. त्यावर फॉस्फोलिपिडचं एकपदरी वेष्टण, आणि त्या वेष्टणाला वेढून बसलेला एकच प्रचंड प्रथिनरेणू. रक्त हे बहुतांशी पाणी. त्यात चरबी सुटी वाहू शकत नाही. तिला अशी बांधूनच पाठवावी लागते, आणि हे बांधण्याचं काम यकृताची पेशी जन्मभर, दिवसरात्र करत असते.

यकृत ही चरबी साठवण्याची जागा नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. निरोगी माणसाच्या यकृतात चरबी वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत असते. दीड किलोच्या यकृतात पाऊणशे ग्रॅमही नाही. मात्र रोज साधारण पंचवीस ते पन्नास ग्रॅम ट्रायग्लिसराइड यकृत रक्तात सोडत असतं. बाहेर जायची वाट बंद झाली आणि आवक तशीच चालू राहिली, तर दोन-तीन दिवसांतच ती मर्यादा ओलांडली जाईल. सोनोग्राफीमुळे ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. त्यावर बोलताना आपण सगळे खाण्याबद्दल बोलतो, म्हणजे आवकीबद्दल. जावकीचा विषय डॉक्टरांच्या खोलीतही क्वचितच निघतो. म्हणून हे प्रकरण जावकीचं.

तरी आवकीचा एक हिशेब सांगायलाच हवा, कारण तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलटा आहे. अमेरिकेत एलिझाबेथ पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅटी लिव्हर असलेल्या काही रुग्णांना खुणेची समस्थानिकं दिली आणि नंतर त्यांच्या यकृताचा तुकडा तपासून तिथली चरबी कुठून आली ते शोधलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५९ टक्के चरबी शरीराच्या स्वतःच्या मेदसाठ्यातून सुटून रक्तामार्फत यकृतात आलेली निघाली. २६ टक्के यकृताने साखर-पिष्टासारख्या पदार्थांपासून नव्याने तयार केलेली होती. आहारातल्या तेलातुपाचा थेट वाटा होता १५ टक्के. पोटाभोवतीचा मेद आणि यकृत यांच्यात मेदाम्लांची ये-जा कायम चालू असते, आणि ताटातलं तूप त्या मानाने छोटा भागीदार ठरतं.

आता पेशीच्या आत जाऊ. कण बांधण्याची सुरुवात होते ती ॲपो-बी-१०० या प्रथिनापासून. हिमोग्लोबिनची एक साखळी १४१-१४६ अमिनो आम्लांची असते. ॲपो-बीची साखळी आहे ४,५३६ अमिनो आम्लांची, आणि ती अखंड आहे. पेशीला ती विणायला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. प्रत्येक कणावर असा एकच रेणू असतो. तो कणाच्या जन्मापासून शेवटापर्यंत त्याच्यावरून हलत नाही. बाकीची लहान प्रथिनं एका कणावरून दुसऱ्यावर उडी मारतात, हा मारत नाही.

नावातला १०० हा आकडा पूर्ण लांबी सांगतो, कारण याच प्रथिनाची एक तोकडी आवृत्ती आपल्या आतड्यात तयार होते: ॲपो-बी-४८, मूळ लांबीच्या ४८ टक्के. जनुक तेच. आतड्याच्या पेशीत त्या जनुकाचा आरएनए संदेश तयार झाला की एक विकर त्यातलं एकच अक्षर बदलतं. ‘सीएए’ या तीन अक्षरांचं ‘यूएए’ होतं, आणि ‘यूएए’चा अर्थ आहे ‘इथे थांबा’. साखळी तिथेच संपते. १९८७ साली हा शोध लागला तेव्हा जीवशास्त्रज्ञ चकित झाले होते, कारण संदेश लिहून झाल्यावर त्यात अशी दुरुस्ती होते हे सस्तन प्राण्यांत तोवर कुणी पाहिलं नव्हतं. माणसाच्या यकृतात हे विकर नसतं, म्हणून यकृत पूर्ण लांबीचंच प्रथिन बनवतं. उंदराच्या यकृतात मात्र ते असतं, त्यामुळे उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष माणसाला लावताना जपून राहावं लागतं.

ॲपो-बीची अडचण तिच्या बांधणीतच आहे. या साखळीचे मोठमोठे पट्टे पाण्यापासून दूर पळणारे आणि चरबीला चिकटणारे असतात. पेशीतलं वातावरण पाण्याचं. रायबोसोमवर विणली जाणारी साखळी आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातल्या छिद्रातून आत सरकत असते, आणि आत येणाऱ्या प्रत्येक पट्ट्याला त्याच क्षणी चरबी मिळाली नाही, तर तो चुकीचा दुमडतो. आपण मोदक करताना आधी पारी करून घेतो आणि मग सारण भरतो. इथे पारी वळता वळताच सारण भरावं लागतं. पारी पूर्ण होईपर्यंत थांबलं तर ती फुकट जाते.

सारण भरणारा हात म्हणजे एमटीपी, मायक्रोसोमल ट्रायग्लिसराइड ट्रान्सफर प्रोटीन. ते जालिकेच्या आत राहतं, तिथल्या पटलातून चरबीचे रेणू उचलतं आणि नुकत्या आत आलेल्या ॲपो-बीच्या हवाली करतं. साखळी लांबत जाते तसा तिच्या कुशीत चरबीचा थेंबही वाढत जातो. या कणांचं उरलेलं रूप म्हणजे एलडीएल. त्यावर ॲपो-बी नेमकी कशी बसलेली असते हे अणूंच्या पातळीवर दिसायला २०२४चा डिसेंबर उजाडला. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या चित्रांतून दोन स्वतंत्र गटांनी ती रचना मांडली: साखळीचं एक टोक गोळीसारखं, आणि तिथून निघालेला लांबच लांब पट्टा कणाला कमरपट्ट्यासारखा वेढणारा. जैवरसायनातल्या सगळ्यात चर्चित प्रथिनांपैकी एक इतकी वर्षं असं धूसर राहिलं, कारण चरबीपासून वेगळं केलं की ते स्वतःचं रूपच टिकवत नाही.

एमटीपीचं महत्त्व कळलं ते एका दुर्मिळ आजारामुळे. १९५० साली न्यूयॉर्कच्या फ्रँक बॅसन आणि अब्राहम कॉर्नझ्वाइग या डॉक्टरांनी अठरा वर्षांच्या एका मुलीची नोंद केली. तिची दृष्टी मंदावत होती, तोल जात होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तांबड्या पेशी काटेरी दिसत होत्या. १९६० साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना अशा रुग्णाच्या रक्तात आणखी एक गोष्ट आढळली, किंवा खरं तर आढळली नाही: ॲपो-बी असलेले कणच त्यात नव्हते. एलडीएल नाही, व्हीएलडीएल नाही, आणि जेवणानंतर आतड्यातून येणारे मोठे कणही नाहीत. कोलेस्टेरॉल इतकं कमी की आजच्या रिपोर्टात ते पाहून कुणी खूश व्हावं. पण हे रुग्ण लहानपणापासून खंगत. चरबी पचली तरी आतड्याच्या पेशीबाहेर पडत नसे. तिच्याबरोबरच अंगात शिरणारं ई जीवनसत्त्व मिळत नसे, आणि त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा आणि मज्जातंतू झिजत जात.

दोष ॲपो-बीच्या जनुकात असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि तर्क सरळही होता. पण रुग्णांचं ते जनुक तपासलं तर धडधाकट निघालं. आरएनए संदेशही होता. पेशी प्रथिन विणायला घेत होती, आणि ते बाहेर मात्र येत नव्हतं. जॉन वेटरॉ १९८०च्या दशकापासून एमटीपीचा अभ्यास करत होते. तोवर ते एक चाचणीनळीतलं कुतूहल होतं: एका पटलातली चरबी दुसऱ्या पटलात नेऊन ठेवणारं प्रथिन, पण शरीरात त्याचं काम काय ते कुणाला नक्की सांगता येत नव्हतं. १९९२ साली वेटरॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या रुग्णांच्या आतड्याचे छोटे तुकडे तपासले. निरोगी माणसांच्या तुकड्यांत एमटीपी काम करत होतं; रुग्णांच्या तुकड्यांत त्याचा मागमूस नव्हता. पुढच्याच वर्षी जनुकातले बिघाड सापडले. बॅसन-कॉर्नझ्वाइगच्या नोंदीला तोवर चार दशकं झाली होती. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत आणि लवकर सुरू केलं तर या मुलांची दृष्टी आणि चाल बऱ्याच अंशी वाचवता येते, आणि ते कशामुळे हे या संशोधनानंतर नीट समजलं.

चरबी, ॲपो-बी आणि एमटीपी असूनही काम अडू शकतं. ही गोष्ट सुरू होते कॅनडात, टोरांटोच्या कुत्र्यांपासून. इन्सुलिनचा शोध लागल्यावर स्वादुपिंड काढून टाकलेली कुत्री इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर जगवता येऊ लागली. साखर आटोक्यात राहायची, पण काही महिन्यांनी ती आजारी पडत, आणि मेल्यावर पाहिलं तर यकृत चरबीने पिवळं झालेलं. कच्चं स्वादुपिंड खाऊ घातलेली कुत्री मात्र तगत. नंतर दिसलं की नुसतं लेसिथिन दिलं तरी यकृत सुधारतं. इन्सुलिनच्या शोधातले एक भागीदार चार्ल्स बेस्ट यांनी पुढे उंदरांवर प्रयोग करून १९३२ साली दाखवलं, की लेसिथिनमधला उपयोगी घटक आहे कोलिन. कोलिन मिळालं नाही तर यकृतात चरबी साचते. का साचते, हे मात्र तेव्हा सांगता येत नव्हतं.

त्याचं उत्तर कॅनडातूनच आलं, पण अर्ध्या शतकानंतर. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात झेमिन याओ आणि डेनिस व्हान्स यांनी कोलिनविना वाढवलेल्या उंदरांच्या यकृतपेशी काचेच्या बशीत ठेवल्या. १९८८ साली त्यांनी दाखवलं, की या पेशींतून व्हीएलडीएल बाहेर पडणं रोडावतं, आणि कोलिन घातलं की पुन्हा सुरू होतं. एचडीएलवर मात्र परिणाम होत नव्हता. कारण असं: कणाच्या एकपदरी वेष्टणातला मुख्य फॉस्फोलिपिड कोलिनपासून बनतो. आत भरायला चरबी मुबलक असली तरी वेष्टणाचा माल कमी पडला तर कण पुरा होत नाही, आणि चरबी पेशीतच थेंबांच्या रूपाने साचत जाते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने माणसाच्या आहारासाठी कोलिनचं प्रमाण ठरवलं ते १९९८ साली. अंड्याचा बलक आणि सोयाबीन हे त्याचे चांगले स्रोत. अंड्यातला पिवळा भाग काढून टाकणाऱ्यांनी हे एकदा विचारात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

बलकाचा विषय निघालाच आहे, तर तोही याच कथेतला आहे. कोंबडीच्या अंड्यातला बलक अंडाशयात बनत नाही. त्याची सामग्री यकृतात तयार होते. अंडी घालायची वेळ आली की स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने कोंबडीचं यकृत खास व्हीएलडीएल कण बांधू लागतं. ते नेहमीच्या कणांहून लहान आणि एकसारखे, साधारण ३० नॅनोमीटरचे असतात, आणि त्यांच्यावरचं एक छोटं प्रथिन वाटेत त्यांची चरबी कुणाला काढू देत नाही. म्हणून ते भरलेल्या पोटानेच अंडाशयात पोचतात आणि वाढणाऱ्या अंड्यात ओढले जातात. हे कण पकडणारा ग्राही ज्या कोंबड्यांत बिघडलेला असतो त्या अंडी घालू शकत नाहीत, आणि त्यांचं रक्त चरबीने भरून जातं. ॲपो-बी, एमटीपी आणि बलकातलं व्हिटेलोजेनिन ही तिन्ही प्रथिनं एकाच कुळातली आहेत. व्हिटेलोजेनिन किडे, मासे, पक्षी अशा अंडी घालणाऱ्या नाना जीवांत आढळतं. पिलासाठी अंड्यात शिदोरी भरण्याची ही फार जुनी यंत्रणा आपल्यात कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टापर्यंत येऊन पोचली आहे.

पुन्हा यकृतपेशीत येऊ. एमटीपीच्या मदतीने जो कण तयार होतो तो अजून लहान, अपुरा असतो. त्याला पुढच्या टप्प्यावर आणखी चरबी मिळते आणि तो फुगून पूर्ण व्हीएलडीएल होतो. हा दोन टप्प्यांचा अंदाज १९७६ साली अलेक्झांडर, हॅमिल्टन आणि हावेल या तिघांनी उंदराच्या यकृताच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून बांधला होता: एका भागात ॲपो-बी दिसत होती पण चरबीचे कण नव्हते, दुसऱ्या भागात कण होते पण त्यांवर ॲपो-बी नव्हती. दुसऱ्या टप्प्यातला माल नेमका कुठे आणि कसा भरला जातो, यावर अजून वाद चालू आहेत.

जालिकेतून गॉल्जी पिंडापर्यंत प्रथिनं नेणाऱ्या नेहमीच्या पिशव्या ६० ते ८० नॅनोमीटरच्या असतात. त्यांत भरलेला व्हीएलडीएल कण मावणं कठीण. पेशी त्याच्यासाठी मोठी पिशवी घडवते. आतड्याच्या पेशीत अशी पिशवी घडवणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक बिघडलं तर चरबी पेशीतच अडकते, हे २००३ साली एका बालरोगाच्या अभ्यासातून कळलं. गॉल्जीतून निघालेले कण पेशीपटलाशी येऊन बाहेर सुटतात. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चाळणीसारखी छिद्रं असल्यामुळे ते सहज रक्तात मिसळतात.

किती कण पाठवायचे, हे पेशी कसं ठरवते? माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत रंजक भाग. बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत पेशी जनुकाच्या पातळीवर नियंत्रण ठेवते. कमी हवं तर संदेश कमी लिहायचा. ॲपो-बीचा संदेश मात्र बऱ्यापैकी स्थिर राहतो. पेशी हे अजस्र प्रथिन सतत विणत राहते, आणि नको असेल तेव्हा ते तोडून टाकते. १९९१च्या सुमारास जोसेफ डिक्सन आणि हेन्री गिन्सबर्ग यांनी यकृताच्या अर्बुदापासून वाढवलेल्या पेशींवर हे दाखवलं. त्या पेशींत नव्याने विणलेल्या ॲपो-बीचा मोठा हिस्सा बाहेर न जाताच नष्ट होत होता. बशीत ओलिक आम्ल, म्हणजे शेंगदाणा आणि ऑलिव्हच्या तेलात भरपूर असणारं मेदाम्ल, घातल्यावर संदेश वाढला नाही, पण तुटणं कमी झालं आणि कण जास्त बाहेर पडू लागले. चरबी मिळाली तर प्रथिन वाचतं, नाही मिळाली तर अर्ध्या वाटेवर अडकतं, त्याच्यावर नाशाची खूण लागते आणि पेशीतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. साडेचार हजार अमिनो आम्लांची साखळी विणायची आणि मोडायची, ही वरवर उधळपट्टी वाटते. पण मेदाम्लं अचानक वाढली तर ती पेशीला विषारी ठरतात, आणि साखळी हाताशी तयार असल्यामुळे पेशीला ती लगेच बाहेर काढता येतात.

इन्सुलिन या निर्णयात वरचढ असतं. जेवण झालं की आतड्यातून चरबीचे मोठे कण रक्तात येतात. त्यांची आणि यकृताच्या कणांची चरबी उतरवून घेणारं विकर एकच असल्यामुळे दोन्ही एकाच वेळी आले तर गर्दी होते. म्हणून जेवणानंतर चढलेलं इन्सुलिन यकृताला तात्पुरतं थांबवतं, काही अंशी ॲपो-बी तोडायला लावून. रॉचेस्टरच्या जॅनेट आणि चार्ल्स स्पार्क्स यांनी उंदराच्या यकृतपेशींवर हे काम केलं.

इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण झाला की हा लगाम सुटतो, आणि तिथेच खरा घोळ सुरू होतो. मेदपेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत आणि मेदाम्लं रक्तात सोडत राहतात. यकृत त्यांना थोपवू शकत नाही. वर साखरेपासून चरबी बनवायचं यकृताचं काम इन्सुलिन वाढल्यामुळे आणखी जोरात चालतं. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड चढतं, कारण यकृत मोठमोठे, भरलेले व्हीएलडीएल कण जेवणानंतरही सोडत राहतं. एवढं करूनही आवक जावकीला भारी पडते, आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसतं.

आपल्याकडे हे बारीक दिसणाऱ्या माणसांतही होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने जवळजवळ टिकलेली. ‘बारीक-पण-चरबीदार’ भारतीय बाळ ही कल्पना तिथून जगभर गेली. वजनकाट्यावर हलका दिसणारा माणूस आतल्या मेदाने यकृतावर बोजा टाकत असू शकतो, आणि म्हणूनच ‘मी तर सडपातळ आहे’ हे यकृताच्या बाबतीत पुरेसं आश्वासन नाही.

यकृताबाहेर पडल्यावर कणांची चरबी स्नायू आणि मेदपेशी काही तासांत उतरवून घेतात. कण आकसतो. उरलेले काही कण यकृत परत घेतं, काही आणखी आकसून एलडीएल बनतात आणि दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतात. धमन्यांच्या भिंतीत शिरून अडकणारे, हृदयविकाराला कारण होणारे कण ते हेच. ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, तो यकृताने चरबी पाठवून दिल्यावर मागे राहिलेला शेष आहे. यकृत स्वतःला वाचवतं तेव्हा भार धमन्यांवर जातो. धमन्यांना वाचवायला यकृताची वाट अडवली, तर यकृत भरतं.

औषधांनी हे अगदी आकड्यांत दाखवून दिलं. जन्मजात अतिकोलेस्टेरॉलच्या तीव्र प्रकारात एलडीएल इतकं वाढतं की काही मुलांना शालेय वयातच हृदयविकार होतो. अशा रुग्णांसाठी एमटीपीला रोखणारं लोमिटापाइड अमेरिकेत डिसेंबर २०१२मध्ये मंजूर झालं. चाचणीत सहा महिन्यांत एलडीएल निम्म्यावर आलं, आणि यकृतातली चरबी एक टक्क्यावरून ८.६ टक्क्यांवर गेली. ॲपो-बीचा आरएनए संदेशच निकामी करणारं मिपोमर्सेन महिन्याभराने मंजूर झालं. यकृताचा धोका त्यालाही चुकला नाही, आणि २०१९ साली ते बंद झालं. ज्या रुग्णांना दुसरा उपाय नव्हता त्यांच्यासाठी लोमिटापाइडचा धोका पत्करण्यासारखा होता, असं मला वाटतं. पण ते सर्रास देण्याचं औषध नव्हे.

निसर्गाने हाच प्रयोग आधीच करून ठेवला होता. डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने २०१४ साली टीएम६एसएफ२ नावाच्या जनुकातला एक फरक शोधला. प्रथिनातल्या १६७व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं आलं, की यकृतातून चरबी कमी बाहेर पडते. अशा लोकांच्या यकृतात चरबी जास्त असते आणि यकृताचा आजार बळावण्याची शक्यताही. त्यांच्या रक्तातलं एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड मात्र कमी, आणि हृदयविकाराचा धोकाही कमी. एकाच अक्षराच्या फरकाने एका अवयवाचं भलं आणि दुसऱ्याचं बुरं झालेलं इतकं स्पष्ट उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

मग वाट उघडायची की अडवायची, या पेचातून सुटका कशी व्हायची? एक मार्ग असा, की चरबी यकृताच्या आतच जाळायची. रेस्मेटिरोम हे औषध यकृतपेशीतल्या थायरॉइड संप्रेरकाच्या एका ग्राहीला चेतवतं आणि मेदाम्लांचं ज्वलन वाढवतं. ९६६ रुग्णांच्या चाचणीत ५२ आठवड्यांनी कमी मात्रा घेणाऱ्या २५.९ टक्के आणि जास्त मात्रा घेणाऱ्या २९.९ टक्के रुग्णांचा यकृतदाह मिटला. औषधाविना हे प्रमाण ९.७ टक्के होतं. एलडीएल वाढलं तर नाहीच, उलट दोन्ही गटांत अनुक्रमे १३.६ आणि १६.३ टक्क्यांनी उतरलं. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण औषध घेणाऱ्या दर दहांपैकी सात जणांचा दाह वर्षभरानंतरही मिटला नव्हता. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हे औषध परवडणार नाही अशा सगळ्यांसाठी, वजन सात ते दहा टक्क्यांनी उतरवणं हा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे, कारण तो यकृताकडे येणाऱ्या त्या ५९ टक्क्यांनाच हात घालतो.